धरून सोडणारा माणूस

अजिंक्य : परत सांग. आता तात्यांसमोर सांग. मासा धरतोस, आणि मग?

ज्ञानेश : सोडून देतो.

अजिंक्य : ऐकलं का तात्या? सोडून देतो म्हणे. भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून दिवसभर गळ टाकून बसायचं, आणि मासा लागला की परत पाण्यात. असा कुठं माणूस असतो का राव?

लक्ष्मणराव : तू आधी खाली बस. डोक्यावर हुबा राहू नगं. रातभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मान धरलीया, वर बघवत न्हाई.

अजिंक्य : बसतो. पण ह्याला उभाच राहू द्या.

(तळ्याचा बांध. मागे लक्ष्मणरावांच्या पाण्याच्या मोटारीची खोली, समोर उन्हाळ्यानं आक्रसलेलं पाणी, पलीकडे कंपन्यांची निळी छपरं. ज्ञानेशच्या शर्टाची बटणं तुटली आहेत, ओठ फुटला आहे. लक्ष्मणराव दगडावर बसून पुतण्याचं बोलणं ऐकताहेत खरे, पण नजर राहून राहून खोलीच्या दाराकडे जाते.)

लक्ष्मणराव : ओठ कुनी फोडला ह्याचा?

अजिंक्य : मी. एक सिद्धेशनं पण ठेवून दिली. पळत होता ना.

ज्ञानेश : मी पळत नव्हतो. मी इकडेच येत होतो.

अजिंक्य : विचारल्याशिवाय बोलायचं नाय.

लक्ष्मणराव : सिद्धेश आन बाकीची पोरं कुठं गेली?

अजिंक्य : रोडला थांबलीत, गाड्यांपाशी. मी म्हटलं, तात्या येऊ देत, नात त्यांची आहे, ते म्हणतील तसं करू. ह्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय. नाव, पत्ता, सगळं वदवून घेतलंय. गावाच्या ग्रुपवर टाकतो, ‘तळ्यावर पोरं नादी लावणारा सापडला.’ मग बघा.

लक्ष्मणराव : टाकला का?

अजिंक्य : नाय, तुमच्यासाठी थांबलो. अजून कोणाला पाठवलेला नाय.

लक्ष्मणराव : फोन दे इकडं.

अजिंक्य : बघायचाय?

लक्ष्मणराव : न्हाई. माझ्या खिशात राहू दे. सारखा वाजतो, मला बोलायला सुदरत न्हाई. ...हां. आता सांग रं बाबा. कुठला तू?

ज्ञानेश : पिंपळे सौदागरला राहतो. नाव ज्ञानेश. तिकडच्याच एका शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टी लागल्यापासून येतोय इथं.

लक्ष्मणराव : मास्तर हाईस? पिंपळे सौदागर सोडून हितवर, चाकनच्या बी पुढं? तुमच्याकडं नदी हाय की.

ज्ञानेश : नदीत सगळी जलपर्णी आहे. गळ टाकला की पालाच वर येतो. आणि तिथं ओळखीचे लोक भेटतात.

अजिंक्य : पॉइंट! तात्या, पॉइंट बघा. ओळखीचे लोक नको असतात साहेबांना.

लक्ष्मणराव : वळखीच्या मानसाला का भ्यायचं?

ज्ञानेश : घरी मासा चालत नाही. आई माळकरी आहे. तिला कळलं, की मी गळ टाकून बसतो, तर ती माझ्या हातचं पाणी घेणार नाही. म्हणून घरी सांगितलंय, शाळेचं ट्रेनिंग चालू आहे.

अजिंक्य : मघाशी ह्याच्या बायकोचा फोन आला. इथं, माझ्यासमोर. ओठातून रक्त येतंय, आणि हा म्हणतो, ‘ट्रेनिंगमध्ये आहे गं, नंतर करतो.’ आवाज सुद्धा हलला नाय. एवढं साफ खोटं मी जन्मात ऐकलं नाय.

लक्ष्मणराव : बायकूला इतकं सहज फसवतोस. मग मला खरं सांगशील हे मी कशावरनं धरायचं?

ज्ञानेश : धरू नका.

लक्ष्मणराव : आन सोडायचाच हाय, तर धरतोस कशाला? त्या मुक्या जिवाला उगा टोचायचं.

ज्ञानेश : माझे मामा नीरेकाठचे. लहानपणी सुट्टीत तिकडेच असायचो आणि दिवसभर गळ टाकायचो. बूच पाण्यावर डुलतं, डुलतं आणि एकदम खाली जातं ना, त्या वेळी पोटात कसंतरी होतं. अजून होतं. त्याच्या पुढचं मला नको असतं. काट्याला अडकवून धरणारी दाढ नाही माझ्या, घासून टाकलीय. मासा लगेच सुटतो.

अजिंक्य : पोटात होतं म्हणे. तात्या, तुम्ही ह्याच्या गोड बोलण्यात अडकू नका. गावातली निम्मी पोरं ह्याच्याभोवती असतात. राजगिऱ्याची चिक्की वाटतो. बुचं वाटतो. कोण फुकटचं वाटतं आजकाल? आपली पुनम पण त्यातच.

लक्ष्मणराव : पुनमला कशी वळखतोस तू?

ज्ञानेश : वाकडहून आजोळी आलीय म्हणाली. तिला गांडूळ हातात धरवत नव्हतं, डोळे मिटून घ्यायची. मग मी तिला कणकेचा गोळा लावायला शिकवलं. परवा तिला चिलापी लागली. पोरं म्हणाली, घरी ने, भाज. ती म्हणाली, नको, जाऊ दे तिला.

लक्ष्मणराव : व्हय. घरी यिऊन तेच सांगत हुती जेवताना. सोडकाका म्हनत्यात पोरं तुला.

अजिंक्य : घ्या! नाव पण ठेवून झालं.

लक्ष्मणराव : मला न्हाई आवडलं ते तवाच. मोठा मानूस, आपलं कुनी न्हाई हितं, आन लोकांच्या पोरांत बसतो. मी तुझ्या काकूला, गोजाबाईला म्हनलंबी, उद्यापास्नं पोरीला तळ्यावर धाडू नगं. तिनं ऐकलं न्हाई.

ज्ञानेश : तुमच्या जागी मी असतो तर मलाही नसतं आवडलं.

अजिंक्य : आणि अजून एक. ठकुबाई शेळ्या घेऊन बांधावर होती. तिनं ऐकलंय. हा पोरांवर ओरडत होता, काठी घेऊन. ‘त्या कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही, एकानंही.’ मोटारीच्या खोलीखालचा कोपरा. विचारा ना, काय लपवलं होतं तिकडं?

लक्ष्मणराव : वरडला हुतास?

ज्ञानेश : हो. काठी उगारली पण होती.

लक्ष्मणराव : का?

ज्ञानेश : त्या कोपऱ्यात मासे उलटे तरंगत होते.

लक्ष्मणराव : ते कंपनीच्या पान्यानं. उन्हाळा आला की नाल्यात काय काय सोडत्यात. मी पंचायतीत जाऊन भांडून आलोय त्याच्यापायी.

ज्ञानेश : नाल्याचं पाणी पलीकडून येतं. मासे या बाजूला मेले होते. फक्त या बाजूला.

अजिंक्य : आता मासे कुठं मरावेत ते पण हाच सांगणार!

लक्ष्मणराव : राहू दे ते. अजिंक्य, कालचं सांग. पयल्यापास्नं.

अजिंक्य : कितीदा तात्या? काल दवाखान्यात सांगितलं सगळ्यांना.

लक्ष्मणराव : तवा मी कुठं भानावर हुतो? दाराच्या काचंतनं पोरीला बघत हुतो. आता सांग.

अजिंक्य : दुपारची वेळ. मी कांदा साठवायच्या बराखीकडं होतो. पोरं इकडं गळ टाकून बसलेली. पुनमचा गळ अडकला काहीतरी, त्या कोपऱ्यातल्या दगडाला. ती सोडवायला पाण्यात उतरली, गुडघ्याएवढ्या. आणि ओरडली पण नाय तात्या, नुसती आडवी झाली. मी पळत आलो. बघतो तर हा खोलीत, हात स्टार्टरवर. ह्या डोळ्यांनी बघितलं. पाण्यात करंट सोडला होता ह्यानं, मासे मारायला. मग मी काय केलं, उडी टाकली, पोरीला उचललं, गाडीत घातलं, थेट चाकण. सिग्नल बघितला नाय, काय बघितलं नाय.

लक्ष्मणराव : वर्षा रातभर तेच घोकतीया. ‘आबा, अजूदादा नसता तर माझी पोरगी गेली असती.’ पाय धरलं तिनं तुझं.

अजिंक्य : जाऊ द्या हो तात्या. कोणीही केलं असतं.

लक्ष्मणराव : न्हाई. कुनीबी न्हाई करत.

ज्ञानेश : ती आता कशी आहे? एवढं तरी सांगा कुणीतरी. मी सकाळी तेवढंच विचारायला आलो होतो.

लक्ष्मणराव : तुला कशाला पायजे?

ज्ञानेश : रात्रभर डोळ्यांसमोरून जात नाही.

अजिंक्य : बॅग न्यायला आला होता तात्या. काल टाकून पळाला ना. पुरावा राहिला मागं, म्हणून आला.

लक्ष्मणराव : कुठंय बॅग?

अजिंक्य : ही घ्या. मी ओततो. ...काठी. रीळ. ही बुचं. ही कणिक, वास मारतीय. टॉवेल. पाण्याची बाटली. चिक्कीचा पुडा, बघा.

लक्ष्मणराव : वायर कुठंय?

अजिंक्य : काय?

लक्ष्मणराव : पान्यात करंट सोडायचा म्हंजी वायर लागती का न्हाई? स्टार्टरपास्नं पान्यापतूर. चांगली लांब पायजे. ह्या पिशवीत ती मावायची न्हाई.

अजिंक्य : फेकली असेल. तळ्यातच असेल कुठंतरी.

लक्ष्मणराव : आन खोली कशी उघडली ह्यानं?

अजिंक्य : कुलूप तोडलं असणार.

लक्ष्मणराव : आल्या आल्या बघितलं मी. कुलूप कडीला लटकतंय. उघडं हाय, तुटलेलं न्हाई.

अजिंक्य : मग चावीनं.

लक्ष्मणराव : एक चावी माझ्या करगोट्याला. ही बघ. दुसरी?

अजिंक्य : दुसरी घरात. खिळ्याला.

लक्ष्मणराव : सकाळी फोन करून गोजाबाईला बघायला लावलं. खिळा रिकामा हाय.

अजिंक्य : मग ह्यानंच...

लक्ष्मणराव : ह्यानं आपल्या घरात शिरून, तुझ्या काकूच्या म्होरनं, खिळ्यावरची चावी उचलली. व्हय?

अजिंक्य : तात्या, तुम्ही माझ्यावर डाऊट घेताय? ह्या असल्या माणसासाठी?

लक्ष्मणराव : मी इचारतोय. ह्याला इचारलं तसं तुला इचारतोय. ह्याचा हात स्टार्टरवर तू कवा बघितलास? पोरगी पडायच्या आदी का मागनं?

अजिंक्य : पडल्यावर. म्हटलं ना, ती पडली म्हणून तर पळत आलो.

लक्ष्मणराव : बराखीपास्नं हितवर?

अजिंक्य : हो.

लक्ष्मणराव : बराख त्या टोकाला. तिथनं हितवर पळत यायचं म्हंजी तरन्या गड्यालाबी धाप लागंल. तवर हा बटनावर हात ठिवून तुझी वाट बघत हुता?

अजिंक्य : मला काय माहीत काय करत होता! 

लक्ष्मणराव : बटनं दोन असत्यात अजिंक्य. हिरवं चालू करायचं, तांबडं बंद करायचं. ह्याचा हात कुठल्यावर हुता?

अजिंक्य : पोरगी पाण्यात पडलेली आणि मी बटणाचा रंग बघत बसू?

लक्ष्मणराव : बरं. मास्तर, तू सांग. कुठल्यावर हुता?

ज्ञानेश : मी सांगितलं तर रस्त्यावर ती मुलं उभी आहेत.

लक्ष्मणराव : आन मी हितं बसलोय. सांग.

ज्ञानेश : लाल. आणि तरी खात्री वाटेना म्हणून वरचा खटकाही खाली ओढला.

अजिंक्य : खोटं बोलतोय! घरात बायकोला फसवणारा माणूस आहे तात्या, तुम्हीच म्हणालात!

लक्ष्मणराव : म्हनलो. अजूनबी म्हनतो. बोल मास्तर, म्होरं बोल.

ज्ञानेश : ज्या दिवशी पोरांवर ओरडलो, त्या दिवशी नुसते मेलेले मासे नव्हते दिसले. खोलीच्या खिडकीतून एक काळी वायर खाली पाण्यात गेली होती. टोकं सोललेली. तिथं एक जण बसला होता, टोपलीत मासे भरत होता. मी त्याला म्हटलं, अहो, इथं मुलं खेळतात, हे काय करताय? तो म्हणाला, ‘मास्तर, आपलं गाव कुठलं? तिकडं जाऊन शिकवा.’ म्हणून मुलांना दटावलं. दुसरं काय करणार होतो मी? मी इथं कोण?

लक्ष्मणराव : कोन हुता तो?

ज्ञानेश : नाव तेव्हा माहीत नव्हतं.

लक्ष्मणराव : नाव माहीत नसंल तर दाव.

ज्ञानेश : तुमच्या शेजारी बसलाय.

अजिंक्य : तात्या, आता ह्याचं तोंड मी...

लक्ष्मणराव : बस खाली! बस म्हनतो ना. ...कालचं सांग मास्तर.

ज्ञानेश : काल मुलं पलीकडेच होती. वारा सुटला. तिचा दोरा वाऱ्यानं वाहत त्या कोपऱ्यात गेला, अडकला. मी लांब होतो, एका मुलाच्या गळाचा गुंता सोडवत होतो. मान वर केली तर ती पाण्यात. ‘थांब’ म्हणून ओरडलो आणि ती पडली.

लक्ष्मणराव : मग तू पान्यात का न्हाई गेलास? खोलीकडं कसा गेलास? पोरगी बुडताना दिसली की मानूस पान्याकडं पळतो.

ज्ञानेश : पाण्यात गेलो असतो तर मीही पडलो असतो. आणि मी गेलो म्हटल्यावर ती सगळी पोरं माझ्यामागे उतरली असती. म्हणून खोलीकडे पळालो. ओरडत पळालो, कुणी पाण्यात उतरू नका, कुणी उतरू नका.

लक्ष्मणराव : व्हय.

अजिंक्य : काय व्हय?

लक्ष्मणराव : पुनम हेच म्हनली.

अजिंक्य : पुनम? ती बोलली? कधी?

लक्ष्मणराव : पहाटं. तू घरी झोपायला गेल्यावर. डोळं उघडलं, पानी मागितलं. मग म्हनली, ‘आजोबा, कुनीतरी हातपाय आवळून धरल्यावानी झालं. सोडकाका वरडत हुते, पान्यात उतरू नका. मग एकदम सुटलं.’

ज्ञानेश : म्हणजे ती बरी आहे.

लक्ष्मणराव : डाक्टर म्हनत्यात, काळजाचे ठोके आजचा दिस बघत्याल. हाताला भाजलंय. पन बरी हाय. चिक्की मागत हुती.

अजिंक्य : तात्या, शॉक लागलेल्या पोरीला काय आठवतंय? अर्धवट शुद्धीत काहीही बोलतं माणूस!

लक्ष्मणराव : मीबी तेच म्हनलं मनाशी. म्हनलं, लेकराच्या एका बोलन्यावर घरच्या पोराला धरू नये. हा बंद करायला पळाला, म्हंजी चालूबी ह्यानंच केलं असंल. खरं सांगू मास्तर, दवाखान्यातनं निघालो ते तुला बडवायचं मनात घिऊनच निघालो. मग वाटंत बराखीत डोकावलो.

अजिंक्य : बराखीत कशाला?

लक्ष्मणराव : जुन्या मोटारीची केबल तिथं पडून असती, कोपऱ्यात. ती जागेवर न्हाई. ताडपत्रीखाली दडपलीया. चिखलानं माखल्याली, आन आतल्या बाजूनं अजून वली. कांदा काढून झाला. रानात एक वाफा न्हाई भिजवायचा. मग ती केबल कशानं भिजली अजिंक्य? काल सांजच्याला वर्षाची कापडं आनतो म्हनून तू दवाखान्यातनं घरी आला हुतास. तवाच गुंडाळलीस ना?

अजिंक्य : सगळेच करतात तात्या. तिकडच्या धरणावर पण करतात. कंपनीतली पोरं येणार होती, पार्टी ठरली होती. दोन मिनिटं लावायचं, मासे वर आले की बंद. पोरं पलीकडं आहेत हे बघूनच लावलं होतं. आईशप्पथ, बघूनच लावलं होतं.

लक्ष्मणराव : ह्या मानसानं सांगितलं हुतं तुला, पोरं खेळत्यात म्हनून.

अजिंक्य : सांगितलं होतं.

लक्ष्मणराव : आन मी बावळट, मेलेलं मासं बघून कंपनीच्या नावानं बोंबलत फिरत हुतो. घरातलंच हुतं. ...ती पडली तवा तू कुठं हुतास?

अजिंक्य : बराखीकडं.

लक्ष्मणराव : अजिंक्य.

अजिंक्य : खोलीत.

लक्ष्मणराव : बटनापाशी?

अजिंक्य : हो.

लक्ष्मणराव : मग बंद का न्हाई केलंस?

अजिंक्य : हात उचललाच नाय. खिडकीतून दिसली ती. ते पाय तिचे... मला वाटलं, गेली. मला वाटलं संपलं सगळं. आणि मी पळालो. कुठं पळतोय ते पण कळत नव्हतं.

ज्ञानेश : मी दारात पोचलो तेव्हा पाठ दिसली मला. निळा टीशर्ट.

लक्ष्मणराव : मग परत कवा आलास?

अजिंक्य : पोरांचा आवाज आला, ‘हलतीय, हलतीय.’ तेव्हा आलो. हा तिला ओढून काठाला आणत होता. मी एका बाजूनं धरली.

ज्ञानेश : मी तिच्या छातीवर दाब देत होतो. श्वास नीट सुरू झाला, ती खोकली, आणि हे ओरडायला लागले. ‘ह्यानंच केलं, धरा ह्याला.’ रानातली माणसं धावत आली. मी घाबरलो. परका माणूस, दुसऱ्याची मुलगी, ओले कपडे... मी पळून गेलो. बॅग इथेच राहिली.

अजिंक्य : गाडी तर मीच पळवली ना तात्या? उचलून मीच नेली ना? तेवढं तरी खोटं नाय.

लक्ष्मणराव : न्हाई. तेवढं खोटं न्हाई.

अजिंक्य : मग?

लक्ष्मणराव : मग काय? तुला काय वाटतं, त्या एवढ्यावर बाकीचं झाकंल? रातभर माझी लेक तुला दादा दादा करत हुती. तुझ्या हातचा च्या प्याली. तू पिऊ दिलास. आन सकाळी उठून ह्याचं थोबाड फोडलंस, म्हंजी ह्यानं बोलायच्या आदी सगळ्यांनी ह्याला चोर म्हनावं. पळालास ते मी समजू शकतो. भ्यालास. मानूस भितो. पन हे भिऊन न्हाई केलंस तू. हे डोस्कं लावून केलंस.

अजिंक्य : तात्या...

लक्ष्मणराव : तुझा बाप धोंडीबा गेला तवा लोक म्हनत हुते, भावाचं पोर हाय, अंतर ठिव. मी कवा ठिवलं न्हाई. आज सकाळी बराखीत पयल्यांदा वाटलं, ह्याला इचारायच्या आदी कुलूप बघावं. तुझ्यावर नजर ठिवून बोलावं लागलं मला. ते मला जड गेलं बग. चावी दे.

अजिंक्य : ही घ्या.

लक्ष्मणराव : खिशातच हुती? बरं. हा घे तुझा फोन. तो व्हिडिओ काढून टाक. हितंच, माझ्यापुढं. मास्तर, तुमी बघा नीट, मला त्यातलं कळत न्हाई. ह्यानं टाकला का न्हाई ते सांगा.

ज्ञानेश : टाकला. ...थांबा, अजून एका ठिकाणी राहतो तो. तिथूनही काढा.

अजिंक्य : काढला.

ज्ञानेश : हो. गेला.

लक्ष्मणराव : सिद्धेशच्या फोनात?

अजिंक्य : नाय. माझ्याच फोनवर काढला होता.

लक्ष्मणराव : रोडला पोचलो की इचारतो त्याला मी. मास्तर, तुमी पोलिसात जानार असाल तर जावा. मी आडवा येनार न्हाई. मी सोताच जायला पायजे खरं म्हंजी. मोटार माझी, खोली माझी.

ज्ञानेश : मला आत्ता काही सुचत नाही. मला आधी तिला बघायचंय. लांबून बघितलं तरी चालेल.

लक्ष्मणराव : लांबनं कशाला? पन एक हाय. वर्षा तुमास्नी बघितल्याबरुबर अंगावर यील. तिला ठावं हाय ते येवढंच, की तुमी पोरीला मारायला निघाला हुतात. तिला आदी ह्यानं सांगाया पायजे.

अजिंक्य : नाय! तात्या, नाय. तिला नको. पोलिसांकडं न्या मला, गावापुढं उभं करा, ह्या माणसाच्या पाया पडतो. सर, पडतो मी पाया. पण वर्षाला नको. काल तिनं माझे हात डोळ्यांना लावलेत तात्या. मी कसं सांगू तिला?

लक्ष्मणराव : ते मला ठावं न्हाई.

अजिंक्य : तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं तर ती ऐकून घेईल.

लक्ष्मणराव : मी सांगितलं तर ती मला इचारंल, ‘मग दादा कुठंय?’ तवा काय सांगू? पुन्यांदा पळाला म्हनून?

ज्ञानेश : लक्ष्मणराव, माझ्यासाठी घाई नको. मी उद्या येतो हवं तर.

लक्ष्मणराव : तुमच्यासाठी न्हाई मास्तर. तुमी आज घरी जाऊन बायकूला काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा, त्यात मी पडत न्हाई. ती पिशवी भरा तुमची. चिक्की वर ठिवा, पोरीला लागंल. चला. पुढं बसा माझ्या शेजारी.

अजिंक्य : गाडी मी काढतो तात्या. तुमचा डोळ्याला डोळा लागला नाय रात्री, आणि हायवेला सगळे कंटेनर.

लक्ष्मणराव : नगं. मी चालवतो. तू मागं बस. आन वाटंत काय जुळवत बसू नगं.